डावी बाही

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात लोकर घेऊन बसणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानंच बघतात. पारा चाळिशीपार, गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नाही, आणि सिडकोतल्या एका घरात एक बाई मांडीवर गडद निळा मेरिनो स्वेटर घेऊन बाहीचे टाके मोजतेय. बाई विणकामाच्या डिझायनर आहेत, आणि त्यांच्या धंद्याचं पंचांगच उलटं चालतं. दिवाळीनंतर दुकानात लटकायच्या मालाचे नमुने उन्हाळ्यात पास व्हावे लागतात. त्यामुळे या घरात चार माणसं वैशाखात राहतात आणि पाचवी मार्गशीर्षात. भांडण पंख्यावरून होतं. पाचवर ठेवला तर लोकरीचे तंतू उडून वरणात उतरतात, दोनवर ठेवला तर नवरा आणि मुलं मिळून सत्याग्रह करतात.

तसं या शहराला विणण्याचं वावडं नाही. तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा तिच्या मागोमाग विणकर आले आणि पुढं इथं हिमरू रुजलं, असं सांगतात. पैठणीचं पैठण तर पन्नासेक किलोमीटरवर. पण हा सगळा मान मागाचा. मागावर बसतो तो कलावंत, सोफ्यावर बसून दोन सुया चालवते ती रिकामी. ‘वहिनी, टाइमपास छान आहे तुमचा,’ असं शेजारच्या काकू वर्षानुवर्षं कौतुकानं म्हणत आल्यात. लोकर हे थंड मुलखाचं खूळ, हाही एक लाडका समज. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी धनगरांनी याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पांघरली, तीसुद्धा भर पावसात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प पोटात ठेवते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. काकूंना हे सांगून झालंय. काकूंच्या अंगाला तेही लागलं नाही.

वळवाचं वादळ आलं ते संध्याकाळी, चहाच्या वेळेला. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली फळीवर स्वेटरचे चार भाग वाळत होते: पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या. विणलेले भाग शिवण्याआधी ओले करून, टाचण्यांनी मापात ताणून सपाट वाळवावे लागतात. दोरीवर टाकले तर पाण्याच्या वजनानं लोंबतात, आणि मग छत्तीस छातीचा स्वेटर गुडघ्याला भेटायला जातो. सावलीसाठी म्हणून शेड निवडली होती. वाऱ्यानं आधी शेडच नेली.

ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टनं १८०५ साली वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या जहाजाच्या शिडांकडे बघून. पुढे जमिनीसाठीही खुणा ठरल्या. आठव्या पायरीला डहाळ्या मोडतात, नवव्या पायरीला छपरांना इजा होते, दहाव्या पायरीला झाडं मुळासकट जातात. पाचव्या पायरीला टॉवेल शेजाऱ्यांचा होतो आणि सातव्या पायरीला बनियन सार्वजनिक मालमत्ता होते, याची नोंद या साहेबानं केलेली नाही. त्याच्या घरी कपडे कोण वाळत घालायचं, हे यावरून कळतं.

वारा थांबला तेव्हा कोपऱ्यावरचा गुलमोहर विजेच्या तारांवर रेलला होता. घरोघरी पत्र्यांची देवाणघेवाण सुरू झाली. आपला पत्रा दुसऱ्याच्या गच्चीत ओळखणं सोपं, तो परत मागणं अवघड, कारण त्याच्यासोबत फुटलेल्या टाकीचा हिशेबही येतो. बाईंकडे उरलं ते असं: पुढचा भाग फळीवर शाबूत, उजवी बाही तुळशीत, पाठ चिखलात, डावी बाही बेपत्ता.

‘डावी कशावरून?’ नवऱ्यानं टॉर्च घेऊन निघताना विचारलं. प्रश्न रास्त होता. साध्या बाह्या सारख्याच असतात. पण या स्वेटरच्या बाह्यांवर वेणी होती, आणि दोन्हींचा पीळ एकमेकींच्या उलट. नवऱ्यानं गल्लीत चौकशी केली ती मात्र ‘एक निळी बाही दिसली का’ अशी. त्यावर ‘बाकीचा माणूस कुठाय?’ असं उत्तर आलं.

वीज रात्रभर आली नाही. मुलाचा लॅपटॉप झोपला, इन्व्हर्टर दोन तास कण्हून गेला. घरातलं एकच काम विजेवाचून चालणारं होतं, तेही पुरतं नाही, कारण गडद लोकरीचे टाके मेणबत्तीच्या उजेडात दिसत नाहीत. विणणारे लोक म्हणूनच रात्रीसाठी फिक्या रंगाचं काम बाजूला ठेवतात. बाईंनी पांढऱ्या लोकरीची लडी काढली, मुलाच्या दोन्ही हातांत अडकवली आणि गुंडा करायला बसल्या. मुलगा म्हणाला, ‘मला मच्छर चावतोय.’ बाई म्हणाल्या, ‘हात हलवू नकोस.’

दुसऱ्या दिवशी नळाचा दिवस होता, निदान कागदोपत्री. शहराचं पाणी पैठणच्या नाथसागरातून फारोळा, नक्षत्रवाडी अशा टप्प्यांनी पंपांच्या जिवावर चढत येतं. पंपांची वीज गेली की सगळ्या शहराचे नळाचे वार पुढं सरकतात. घरात पिण्याचं सोडून अडीच बादल्या पाणी होतं, आणि बादलीवर ज्यांचा पहिला हक्क त्या सासूबाईंनी अर्धी बादली स्वखुशीनं सोडली. सुनेचं नुकसान त्यांना बघवेना. त्यांनी ते पाणी गॅसवर कडकडीत तापवलं, चिखलाची पाठ त्यात बुडवली, कपड्याची पावडर घातली आणि मोरीत बसून दोन्ही हातांनी चोळली. डाग गेला. पाठही गेली.

लोकरीच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटत जातं, परत फिरत नाही. काश्मिरात हेच काम मुद्दाम करतात, त्याला नमदा म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात. सिडकोत पाच वर्षांच्या मुलाच्या मापाची, जाजमासारखी टणक पाठ मिळाली.

‘आटलं जरा,’ सासूबाई म्हणाल्या, ‘पण बघ कसं घट्ट झालंय. आता जन्मात उसवायचं नाही.’

‘हो आई,’ बाई म्हणाल्या. शास्त्राच्या दृष्टीनं सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि सगळ्यात जास्त तेच झोंबलं.

दुपारी वायरमन आला. गुलमोहर तोडता तोडता त्याला खांबावर, तारांच्या पलीकडे, डावी बाही सापडली. पत्र्याच्या धारेनं तिची खांद्याकडची कड कापली होती आणि तिथून निघालेला धागा फांद्यांमधून खाली लोंबत होता. मागावरच्या कापडात शेकडो धागे उभे-आडवे गुंतलेले असतात, त्यातला एक तुटला तर भोक पडतं. सुयांवरच्या विणकामात बहुधा एकच धागा असतो, फासात फास अडकवत गेलेला. हिमरूच्या शहरातल्या वायरमनला हे माहीत असायचं कारण नव्हतं. लोंबती तार दिसली की गुंडाळायची, हे मात्र त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं धागा हाताच्या पंज्यावर नीट, एकही गाठ न पडू देता गुंडाळला. दंडापाशी ८४ टाके होते, कोपर गेलं, वेणी गेली. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या एका हातात सुरेख वेटोळं होतं आणि दुसऱ्या हातात मनगटाची पट्टी.

‘घ्या ताई. थोडीबी वाया जाऊ दिली नाही.’

बाईंना बोलता येईना. सासूबाई दारातून म्हणाल्या, ‘तीही माझ्याकडं दिली असती धुवायला तर उसवली नसती.’

चहा झाला. वायरमननं वेटोळ्याकडे बघत विचारलं, एवढ्यात त्याच्या पोरीची कानटोपी होईल का? डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली उतरला की तिचे कान दुखतात. लोकर भरपूर होती. उसवलेल्या धाग्याला कुरळेपणा येतो, पण लडी करून, भिजवून, खाली वजन टांगून वाळवला की तो सरळ होतो. बाईंनी डोक्याचा घेर विचारला. तो दुसऱ्या दिवशी काळ्या सर्व्हिस वायरचा तुकडा घेऊन आला, पोरीच्या डोक्याभोवती धरून कापलेला. टेपवर तो ४९ सेंटिमीटर भरला. बाईंनी वहीत लिहिलं, टोपी ४६.

वायरमननं वहीत डोकावून बघितलं.

‘ताई, तीन सेंटिमीटर कमी का करायलात?’

‘विणलेलं ताणतं. डोक्याएवढी केली तर डोळ्यांवर घसरेल.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग सासूबाईंकडे वळून हळूच म्हणाला, ‘आजी, ही तुम्ही धुवायला घेऊ नका बरं का.’