रद्दीत गेलेलं पहिलं वर्ष

सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या रो-हाऊसांत दोन घरांच्या मध्ये एकच कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे वहिनी कुरडया वाळत घालत होत्या.

"वहिनी, सकाळी तुमचा पोरगा रद्दीवाल्याशी कसली घासाघीस करत होता?"

"काही नाही हो ताई, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं काढली. शेवटची परीक्षा झाली, आता म्हणे घरात धूळ कशाला."

माझ्या तर पोटात गोळाच आला. "अहो, त्याला डीटूडी करायचंय ना?"

"हो, डिग्रीच्या तिसऱ्या सेमिस्टरला थेट. त्याला कशाला लागतंय पहिलं वर्ष?"

"तेच तर लागतं! २०२४पासून डीडीसीईटी आलीय. आधी डिप्लोमाच्या मार्कांवर जमायचं, आता परीक्षा. आणि त्यात विचारतात काय? गणित, फिजिक्स, इंग्रजी. पहिल्या वर्षालाच उरकून विसरलेलं सगळं."

वहिनींच्या हातातली कुरडई ताटाबाहेर पडली.

पुढच्या प्रवेशाचा हिशेब पहिल्या वर्षापासूनच मांडावा लागतो, हे मला कळलं ते माझ्या भाचीमुळे. ती कॅलिफोर्नियात. तिकडे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटीत जायचं. फी कमी, पदवी मात्र युनिव्हर्सिटीची. बहिणीनं इथे फोन करून पेढे वाटायला लावले होते. पण भाचीला हवं होतं जीवरसायन. तिच्या कॉलेजात वर्षाला तीन सत्रं. केमिस्ट्रीचे तीन कोर्स एकापाठोपाठ एक, ते झाल्यावर ऑरगॅनिकचे तीन. झाली की हो सहा सत्रं, म्हणजे बरोब्बर दोन वर्षं! आणि तिला पहिल्या सत्रात सल्ला काय मिळाला? 'आधी रुळ, इतिहास-इंग्रजी घे.' कॉलेजचं नाव नाही घेत मी. साखळीचा पहिला दुवाच उशिरा पडला आणि पोरीचं वर्ष लांबलं. शिवाय युनिव्हर्सिटीचा अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरातच भरायचा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची डेव्हिससारखी काही कॅम्पस अटी पाळल्या तर प्रवेशाची हमी देतात, बर्कलेवाले देत नाहीत. आता ती प्रत्येक नव्या पोराला सांगते: जायचंय त्या युनिव्हर्सिटीची यादी आधी काढ, मग उलटं मोजत आजपर्यंत ये. तिकडे असिस्ट नावाची साइटच आहे, इथला कुठला कोर्स तिथे चालतो ते सांगणारी.

"आमच्याकडे कुठली साइट," वहिनी म्हणाल्या, "हा तर मित्र म्हणाला म्हणून केमिकलला गेला. आणि आता एसव्हीएनआयटी म्हणतोय."

"तिथलं दार जेईईनंच उघडतं हो. त्यापेक्षा मजुरागेटचं गांधी कॉलेज बघा म्हणावं, सरकारी आहे."

एवढ्यात बाइक सुरू झाल्याचा आवाज आला. पोरगा भिंतीआडून सगळं ऐकत होता तर!

तासाभरानं परत आला. गणिताचं पुस्तक मिळालं, फिजिक्सचं अर्धंच. उरलेलं कोपऱ्यावरच्या शेंगदाणेवाल्याकडे गेलं होतं. रद्दीवाल्यानं घेताना बारा रुपये किलो लावले होते, परत देताना चाळीस.

"आणि वर म्हणतो," वहिनी सांगत होत्या, "दरवर्षी मे महिन्यात दोन-चार पोरं येतातच."