सहकुटुंब, सहपरिवार ल्युसर्न

ल्युसर्न कसे पाहावे, याचा आदर्श आपल्या सहलवाल्या कुटुंबांनी घालून दिला आहे. चौदाव्या शतकातला लाकडी कापेलब्रुक पूल: दहा मिनिटे. १९९३ च्या आगीत त्याच्या छताखालची बरीचशी जुनी चित्रे जळाली, ते एका परीने बरेच झाले. माना वर करण्याचा वेळ वाचला. मग कातळात कोरलेला मरणासन्न सिंह. १७९२ मध्ये पॅरिसचा राजवाडा राखताना पडलेल्या स्विस सैनिकांचे हे स्मारक. त्यासमोर दोन बोटे वर करून उभे राहायचे असते. ‘बंट्या, हस की जरा!’ सरोवराकडे पाठच करावी, सेल्फीत ते आपोआप येते. उरलेला दीड तास घड्याळांच्या दुकानात; वेळेची किंमत तिथेच कळते.

जवळच्या टिटलिसवर शाहरुख-काजोलचे कटआउट आहेच. त्याच धर्तीवर पूल, सिंह आणि सरोवर यांचेही कटआउट बसथांब्यावर उभारावेत, ही नम्र सूचना. ज्येष्ठांचे गुडघे वाचतील, दुकानाला आणखी वीस मिनिटे मिळतील.

मग कटआउट डोंबिवलीतच का नकोत, असे कोणी अडाणी विचारील. अहो, डोंबिवलीत खाल्लेल्या चकलीचे स्टेटस कोण पाहतो?