ध्येयसर

आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गात हजेरीला कुणी ‘हजर’ म्हणत नाही. नाव पुकारलं की उठायचं आणि आजचं ध्येय सांगायचं. ‘भागाकाराची चार उदाहरणं.’ ‘अक्षर सुधारणे.’ ‘न बोलणे.’ अख्ख्या वर्गाची ध्येयं ऐकता ऐकता पहिला तास संपतो. ती पुरी करायला मग वेळ उरत नाही, हा भाग वेगळा. मी शेजारीच तिसरीवर असते. मधे नुसतं लाकडी पार्टिशन, त्यामुळे माझ्या पोरांना पाढ्यांआधी पाचवीची ध्येयं पाठ झाली.

सरांचं खरं आडनाव आता पगारपत्रकातच उरलंय. बाकी गावाला ते ध्येयसर. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना ‘स्मार्ट’ ध्येयाचं सूत्र गवसलं: ध्येय नेमकं हवं, मोजता यावं, झेपावं, त्याला मुदत असावी. जॉर्ज डोरन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ते १९८१ साली मॅनेजर मंडळींसाठी लिहिलं होतं. सरांना त्यात काही अडचण दिसत नाही. समोर बसलेली, नाक पुसणारी पोरं त्यांना कधीकधी संचालक मंडळच वाटत असावीत. वर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रगतिपुस्तकात मुलांच्या स्वयंमूल्यमापनालाही जागा दिली, तेव्हापासून तर ‘धोरणातच आहे मॅडम’ हे त्यांचं पालुपद झालंय.

मागच्या भिंतीवर तक्ता आहे, स्वखर्चानं केलेला. नाव, ध्येय, मुदत, पुरावा, पालकांची सही. मुलांना सर बजावतात, ‘आपलं ध्येय आपणच ठरवायचं. मी सांगतो तसं.’

एका मुलीनं लिहिलं, ‘मला आवडेल असं पुस्तक शोधणे.’ (माझ्या मते त्या तक्त्यावरचं हे सगळ्यांत शहाणं वाक्य.) सर म्हणाले, ‘बाळा, हे मोजणार कसं?’ दुसऱ्या दिवशी तिनं दुरुस्ती केली: ‘पुस्तकाची २० पानं मोजणे.’ आणि मोजूनही दाखवली. पुराव्याच्या रकान्यात बरोबरची खूण झाली.

माणूस मात्र दुष्ट नाही. ध्येय हुकलं म्हणून त्यांनी कुणाला कधी अंगठे धरायला लावलेले नाहीत. ते मुदत वाढवून देतात. तोच न्याय स्वतःला. ‘चहा बंद’ हे त्यांचं ध्येय कपाटाच्या दारावर आहे. प्यायलेल्या प्रत्येक कपाची तिथे वेळेसकट नोंद होते. इतकं चोख मोजमाप मी दुसरं पाहिलेलं नाही. नोंद करताना हातात कप असतो.

यंदा त्यांना एक पोरगा भेटला. वार्षिक ध्येय लिही म्हटल्यावर यानं लिहिलं, ‘सातचा पाढा, सात पंचे पस्तीसपर्यंत. मधल्या सुट्टीपर्यंत.’ सर हबकले. ‘अरे, ध्येय कसं मोठं हवं! कलेक्टर वगैरे.’ पोरगा म्हणाला, ‘ते उरलेला पाढा झाल्यावर बघू.’

मी स्टाफरूममध्ये पोराची बाजू घेतली. म्हटलं, तुमच्या डोरनसाहेबांच्याच साली, १९८१ मध्ये, बांडुरा आणि शंक या दोघांनी वजाबाकीत कच्च्या मुलांवर प्रयोग केला होता. सात बैठकांत ४२ पानं सोडवायची होती. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत ४२ करा. काहींना, दर बैठकीत निदान सहा तरी. गणित एकच, पण सहावाल्यांना वजाबाकी अधिक चांगली यायला लागली, आपल्याला जमतं असं वाटायला लागलं आणि त्यांना तिची गोडीही लागली. सरांनी अतिशय गंभीरपणे ऐकलं, डायरी काढली आणि लिहिलं: ‘बांडुरा समजून घेणे. मुदत: दिवाळी.’

इकडे पोरगा थांबेना. उरलेला सातचा झाला, आठचा अर्धा, मग पुरा. रोज नवं ध्येय, रोज पुरावा. तक्त्यात वर्षाला प्रत्येकी एकच चौकोन! सर त्याच्या ओळीला कागदाच्या पट्ट्या डकवत गेले. आधी कुरकुरत, मग, मला वाटतं, कौतुकानं. परवा तर नवी पट्टी त्यांनी आधीच कापून ठेवली होती. तेरापर्यंत भिंत संपली आणि पट्टी पार्टिशनला येऊन टेकली.

काल मधल्या सुट्टीत सर दारात उभे. हातात डिंकाची बाटली. ‘मॅडम, तुमच्या बाजूला थोडी जागा मिळेल का?’

मी विचारलं, ‘किती आणि कधीपर्यंत?’