रेणूचं कूळ आणि साडूंचा डबा

जीवनसत्त्वांची गोळी कारखान्यात बनलेली घ्यावी की अन्नातून काढलेली, या विचारात पडण्यापूर्वी साधकाने आपल्या नातलगांची मोजदाद करावी. त्यांत बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले साडू निघाले, तर निवड आधीच झालेली असते. आपल्याकडे फक्त पैसे द्यायचं काम उरतं. आमच्या साडूंनी निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात 'होल फूड' गोळ्यांची एजन्सी घेतली. पहिलं गिऱ्हाईक मी. दुसरं अजून सापडायचं आहे.

नियम पहिला : 'केमिकल' हा शब्द ऐकून दचकू नये. साडूंच्या मते आवळ्यात असतं ते 'सी' आणि कारखान्यातून येतं ते 'केमिकल'. आता, सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने लाल पाप्रिका मिरच्यांतून हेच 'सी' किलोच्या हिशेबाने काढलं आणि १९३७ साली नोबेल नेलं. राइकश्टाइन या दुसऱ्या शास्त्रज्ञाने तर त्या नोबेलच्याही आधी, १९३३ साली, ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं होतं. मिरचीतलं घ्या नाहीतर बाटलीतलं : कार्बनचे सहा अणू, हायड्रोजनचे आठ, ऑक्सिजनचे सहा, आणि मांडणीही तीच. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, त्यात रेणूचीही भर घालावी. आपलं आतडं काही मुलीच्या बापासारखं घराण्याची चौकशी करत बसत नाही. आवळ्यात 'सी'सोबत चोथा असतो, आणखी बरंच काही असतं, हे मान्य. म्हणून आवळा खावा. आवळ्याची गोळी का खावी, ते मला अजून कळलेलं नाही.

नियम दुसरा : 'बी कॉम्प्लेक्स' घेतल्यावर लघवी पिवळीजर्द झाली, तर काविळीच्या शंकेने घर डोक्यावर घेऊ नये. ते जास्तीचं बी-टू आहे. आपलेच पैसे वाहून चाललेत.

नियम तिसरा, आणि हा साधकाने सकाळच्या उजेडात, भिंग घेऊन करावा : डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचावीत. आमच्या डब्यावर पुढे पालक, आवळा, शेवगा, बीट आणि तुळस अशी पंचायत रंगवलेली आहे. गोळीचं वजन एक ग्रॅम. ताज्या पालकात शंभर ग्रॅमला नव्वदच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे अख्खी गोळी नुसत्या पालकाची केली तरी तिच्यात मावणार दहा-अकरा ग्रॅम पालक. देठासकट दोन-तीन पानं. त्यातही चार वाटेकरी. मग 'सी'ची दिवसाची पूर्ण गरज एका गोळीत भागते ती कशी? तर मागे, पाचव्या ओळीत, शेवग्याच्या आडोशाला उभं राहिल्यासारखं लिहिलेलं असतं : ॲस्कॉर्बिक ॲसिड. म्हणजे तेच ते केमिकल, वरून घातलेलं. मेडिकलमध्ये त्याची स्ट्रिप चहा-वड्याच्या पैशात येते. हा डबा अठराशेचा. साडूंना दाखवलं, तर म्हणाले, "अहो, पण ते पालकाच्या संगतीत आहे ना!"

फोलिक ॲसिडचा नियम मात्र मी उगाच विद्वत्ता पाजळायला गेलो आणि तोंडघशी पडलो. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ च्या सुमारास मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा शोध घेत त्यांनी परळच्या हाफकिनमध्ये काम केलं. तो बरा झाला कशाने? मार्माइटने, म्हणजे दारूच्या भट्टीतल्या उरलेल्या यीस्टच्या काळ्या, खारट चाटणाने. त्यातलं ते अज्ञात द्रव्य म्हणजे पुढे सापडलेलं फोलेट. ही गोष्ट मी रंगवून सांगितली, आणि साडू टाळी देत म्हणाले, "म्हणजे होल फूडच की!" मला पुढचं वाक्य बोलू दिलं नाही, ते इथे लिहितो : गोळीतलं फोलिक ॲसिड पालेभाजीतल्या फोलेटपेक्षा अंगी जास्त लागतं. गरोदरपणाच्या आधीपासून डॉक्टर ती गोळी देतात, ती डब्याखातर बदलू नये. इथे थट्टा नाही.

'डी'बद्दल इतकंच की साठ हजारांचं पाकीट आठवड्याचं असतं, रोजचं नव्हे. रोज घेणाऱ्याचं रक्तातलं कॅल्शियम वाढून तो भलत्याच वॉर्डात पोचतो. आणि डी-थ्री बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतं, हे आमच्या कडक शाकाहारी साडूंना कृपया कोणी सांगू नये.

आता बी-बारा. हे पालकात नाही, आवळ्यात नाही. ते फक्त जिवाणू बनवतात. गोळीतलंही टाक्यांमध्ये जिवाणू पोसूनच काढलेलं असतं. मग ते कृत्रिम की नैसर्गिक, यावर आम्ही दोघं भाच्याच्या मुंजीत पंगत उठेपर्यंत भांडलो. तेव्हा माझ्या तळपायांना मुंग्या येत होत्या. घरी बोललो नव्हतो, साडूंना मात्र बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते स्कूटर घेऊन दारात. लॅबमध्ये माझ्याआधी तेच बाही सरसावून बसले, "बघा, काही होत नाही." माझा बी-बाराचा आकडा आला १३८, म्हणजे कमी. साडूंनी डबा काढला : स्पिरुलिना. "यात बी-बारा आहे." आहे, पण बहुतेक नकली, आपल्या शरीराला उपयोगी न पडणारं, त्याचं सोंग घेतलेलं. हे तेव्हा मला ठाऊक असतं, तर तीन महिने तळ्यातलं शेवाळ चघळत बसलो नसतो. मुंग्या येत असताना असं थांबू नये, नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

तीन महिन्यांनी पुन्हा लॅब. १४१. साडूंनी माझ्या नावाची प्लॅस्टिकची फाइल केली होती, आत तारीखवार तक्ता. तो आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि लाल शाईने. एजन्सीचा माणूस असता, तर पेन विसरला असता. पण चौतीस वर्षं लेजर जुळवलेला हात. त्याला खोटी नोंद जमत नाही. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "साडूभाऊ, डॉक्टरांची इंजेक्शनं घ्या तुम्ही. डबा मात्र संपवा, पैसे दिलेत."

हो, एक राहिलं. 'ई'च्या बाबतीत साडूंचं म्हणणं खरं आहे. लेबलावर नुसतं 'डी-अल्फा' असेल तर ते नैसर्गिक, 'डीएल-अल्फा' असेल तर कारखान्याचं. त्या दुसऱ्यात आठ घडणींची भेळ असते आणि यकृत त्यातलं मोजकंच ठेवून घेतं. इथे नैसर्गिक सरस. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मुंज पुन्हा लागेल तेव्हा बघू.

शेवटचा नियम आमच्या सौभाग्यवतींचा : डबा रुंद तोंडाचा आणि फिरकीच्या झाकणाचा बघून घ्यावा. स्पिरुलिनाच्या डब्यात सध्या दाण्याचं कूट आहे, पावसाळाभर कोरडं राहिलं. पंचायतीचा डबा संपायला अजून अकरा गोळ्या आहेत, आणि त्यात डाळं ठेवायचंय म्हणून ती मला रोज दोन-दोन देते आहे.