न्यूट्रलमध्येही पुढे सरकणाऱ्या बोटीच्या नव्या मालकासाठी सूचना

न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात, गोट्यांनी भरलेल्या एखाद्या उथळ नदीच्या काठी, जुनी जेट बोट स्वस्तात पदरात पाडून घेतलेल्या सज्जनांसाठी या सूचना आहेत. बोट स्वस्तात का मिळाली, ते ओघात कळेलच.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, बिल हॅमिल्टन यांच्या नावाने बोटं मोडू नका. मेंढ्यांचं कुरण सांभाळणाऱ्या या कारागीर माणसाने १९५०च्या दशकात जेट बोट घडवली ती इथल्याच उथळ नद्यांसाठी. बाहेर लोंबणारा पंखा गोट्यांवर आपटतो, म्हणून त्यांनी तो ठेवलाच नाही. पोटातला पंप तळातून पाणी ओढतो आणि मागच्या नोझलमधून फेकतो. १९६० साली त्यांच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीचा प्रवाह कापत वर चढल्या. तेव्हा खोट बोटीच्या जातीत नाही, तुमच्या कंट्रोल केबलमध्ये आहे.

आता इंजिन चालू करा. चावी फिरवूनही काहीच हूं की चूं नाही? कंट्रोलचा दांडा नीट न्यूट्रलला आहे ना बघा, तिथे एक सुरक्षा-स्विच असतो. झालं चालू? आता बोट हळूच शेजाऱ्याच्या बोटीकडे निघेल. निघू द्या, बिघाड नाही तो. बऱ्याच जेट बोटींना खरा न्यूट्रल नसतोच. इंजिन चालू असेतो पंपातला इम्पेलर फिरणार. न्यूट्रलला नोझलमागची बकेट अर्धवट खाली येते, काही पाणी मागे जातं, काही पुढे वळतं. सोसायटीच्या सभेत दोन्हीकडे सारखी मतं पडल्यासारखं: ठराव हलत नाही, गोंगाट मात्र चालूच. बोट फारच सरकायला लागली, तर आयडल चढलंय का आणि बकेटच्या केबलची जुळणी बिघडली आहे का, एवढंच तपासा.

दांडा जड झाला तर नवशिका आधी जोर लावतो, मग त्याहून दांडगा मित्र बोलावतो, मग दोघे मिळून दांडा मोडतात. तुम्ही इंजिन बंद करून चावी खिशात टाका. (खिशातच. डॅशबोर्डवर नव्हे.) बकेटकडच्या टोकाची पिन काढून केबल सोडवा आणि दांडा हलवून पाहा. हलका झाला? मग बकेट हाताने वर-खाली करा, बिजागरीत वाळू खरखरताना ऐकू येईल. तरीही जडच असेल, तर केबल दांड्याकडूनही सोडवा. दांडा एकटाच सुटसुटीत फिरला की गुन्हेगार सापडला. केबलच्या आवरणाला चीर पडून पाणी शिरलंय, आतली तार गंजून फुगली आहे. इथे तेल पाजायचा मोह होतो. पाजा हवं तर, तुम्हाला बरं वाटेल. केबलला नाही. ती बदलावीच लागते. थ्रॉटलच्या केबलचीही अशीच झडती घ्या, फक्त तिचं दुसरं टोक इंजिनावर असतं.

इंजिन बोंबलतंय आणि बोट ढिम्म, असं झालं तर पाना हातात घेण्याआधी दांड्याच्या बुडाशी असलेलं बटण बघा. इंजिन तापवताना बकेट न हलवता नुसता थ्रॉटल देता यावा म्हणून ते असतं, आणि ते अडकून राहतं. ते ठीक असेल तर तळाच्या जाळीत गोटे किंवा शेवाळ अडकलंय. इंजिन बंद केल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही, यात गंमत नाही.

दुरुस्ती झाली की चाचणी मोकळ्या पाण्यात घ्या. काठ जवळ आला की घाबरून थ्रॉटल सोडाल, आणि त्याच क्षणी बोट वळायची थांबेल, कारण वळवणारं सगळं पाणी थ्रॉटलच्याच कृपेने येतं. भर वेगात रिव्हर्सही टाकू नका, नाक पाण्यात घुसतं.

नवी केबल घेताना जुनी सोबत न्या, लांबीचे अंदाज सांगू नका. दुकानदार विचारेल, दोन्ही देऊ का? हो म्हणा. दुसरीही पहिलीच्याच वयाची आहे.