रिमोटचा डोळा बसवण्याची शास्त्रोक्त पद्धत

घरात टीव्ही दोन, सेट-टॉप बॉक्स एक आणि सत्ताधारीही एकच असेल, तर सदर मार्गदर्शिका आपल्यासाठी आहे. डबडं बाहेरच्या खोलीत. त्यातून एचडीएमआयची वायर बाहेरच्या मोठ्या टीव्हीला आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची लांब वायर आतल्या जुन्या टीव्हीला. दोन्हीकडे चित्र एकच. चॅनेल बदलायला मात्र आतल्या माणसाला उठून दारापर्यंत यावं लागतं, कारण रिमोटचा किरण भिंतीतून जात नाही. हा अन्याय दूर करण्यासाठी आतल्या भिंतीवर सेन्सर बसवतात, त्याची वायर बाहेर नेतात आणि तिच्या टोकाचा इवलासा दिवा डबड्याच्या डोळ्यावर चिकटवतात. मग आतून बटण दाबलं की बाहेरची मालिका जाते आणि बातम्या लागतात. बाहेर बसलेल्यांनी त्या वेळी काय करावं, हे शास्त्रात सांगितलेलं नाही.

नियम पहिला. हे काम जावयाने करू नये.

नियम दुसरा. सासर सांगलीच्या गावभागात आणि जावई साताऱ्याचा असेल, तर पहिला नियम लागू नाही. "येताना कंदी पेढे आणा, आणि ते ड्रिल मशीन" असा फोन येतो. पेढे हे निमित्त असतं.

नियम तिसरा : आधी पूर्वपीठिका. ती समजल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू द्यायचा नाही, असा आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, दंडक आहे. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून नोकरी झाली. दुसऱ्याच्या वेळेवर अधिकार गाजवायची सवय निवृत्त होत नाही. तर, 1800 साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. तेच हे अवरक्त किरण. हा हर्शेल खगोलशास्त्राकडे वळण्याआधी इंग्लंडातल्या बाथ गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, म्हणजे या किरणांचा आणि घरच्या ऑडिओचा संबंध अगदीच ओढूनताणून आणलेला नाही. पुढे 1955 मध्ये अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉलीने प्रकाशाच्या झोतावर चालणारा रिमोट काढला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे. अडचण एवढीच झाली, की खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चालू-बंद व्हायचा.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या टीव्हीवर कुणाचा ताबाच नव्हता म्हणा की."

आजचा रिमोट उन्हाला भीत नाही, कारण तो नुसता उजेड टाकत नाही. बहुतेक रिमोटांचा दिवा सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो आणि सेन्सर तेवढंच लुकलुकणं ओळखतो. ऊन लुकलुकत नाही. तरीही पश्चिमेच्या खिडकीसमोर सेन्सर लावू नका. थेट ऊन पडलं की तो दिपतो आणि संध्याकाळपर्यंत कुणाचंच ऐकत नाही. जुन्या सीएफएलपासूनही लांब ठेवा. तिच्या आतलं सर्किट स्वतःच हजारोंनी लुकलुकत असतं आणि सेन्सरला वाटतं, कुणीतरी काहीतरी सांगतंय.

नियम चौथा : भिंत. इथे सातारा आणि सांगली यांचं शास्त्र वेगळं आहे. साताऱ्यात जुन्या घराची भिंत काळ्या दगडाची, हातभर जाड. तिला भोक पाडताना हॅमर ड्रिलचं बिट तांबडं होतं, शेजारी जमतात आणि प्रत्येक जण "जरा डावीकडं घ्या" म्हणतो. सांगलीत तो त्रास नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या घराला भेगा देते. आप्पांच्या मधल्या भिंतीत दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली एक भेग आहे. वायर तिच्यातून विनासायास पलीकडे गेली. ड्रिल मशीन पिशवीतच राहिलं, आणि ते साताऱ्याहून एसटीत मांडीवर घेऊन कोण आलं होतं, याची चौकशी कुणी केली नाही.

नियम पाचवा : वायर लाइटच्या वायरीला चिकटवून नेऊ नये.

नियम सहावा : उंची. इतरत्र सेन्सर नजरेच्या उंचीवर लावतात. गावभागात कुठलीही विजेची वस्तू लावण्याआधी भिंतीवरची पुराची खूण बघतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे 45 फूट आहे. त्या वेळी घरात माणसांच्या डोक्यावर पाणी होतं. बोटीत बसताना सासूबाईंनी देव घेतले, कागदपत्रं घेतली. आप्पांच्या खिशात काय आहे ते दुसऱ्या दिवशी नातेवाइकांकडे कपडे बदलताना कळलं. रिमोट होता. टीव्ही पाण्याखाली. सासूबाई ही गोष्ट हसत सांगतात. आप्पा हसत नाहीत. "घर सोडताना काहीतरी हातात पाहिजे होतं," एवढंच म्हणतात. म्हणून सेन्सरला वीज देणारा अॅडॉप्टर त्या खुणेच्या वर, पार माळ्याजवळ लावला आहे. दिसायला वाईट दिसतो. राहू द्या.

नियम सातवा : माल. मारुती रोडला तयार किट मिळतं. सेन्सर, छोटी पेटी, चिकट दिव्याची वायर, सगळं एकत्र. ते घ्यावं. ज्यांना स्वतः जोडायची खुमखुमी आहे (आमचा मेहुणा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे), त्यांच्यासाठी : टीएसओपी 1738 या सेन्सरला समोरून बघितलं तर पहिली पिन ग्राउंड, दुसरी पाच व्होल्ट, तिसरी आउटपुट. 38238 मध्ये पहिली आउटपुट, दुसरी ग्राउंड, तिसरी व्होल्ट. दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून काढून देतो. शिवाय हा सेन्सर 38 हजारांचं लुकलुकणं गाळून फक्त निरोप पुढे पाठवतो. तोच निरोप तसाच दिव्याला दिला तर डबडं ढिम्म हलत नाही. लुकलुकणं पुन्हा घालावं लागतं, आणि त्यासाठी वेगळं सर्किट. मेहुण्याने 555 ची आयसी आणली आहे. ती दिवाळीपासून टीव्हीवर ठेवलेली आहे.

नियम आठवा : किटला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. बऱ्याच टीव्हींचं यूएसबी टीव्हीबरोबरच बंद होतं. मग आधी टीव्ही चालू करायला कुणीतरी बाहेर जायचं, म्हणजे मूळ दुःख तसंच. दुसरं असं, की चिकट दिव्याचा उजेड फिरून सेन्सरपर्यंत पोचता कामा नये. पोचला तर सेन्सर आपलाच निरोप पुन्हा ऐकतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा ऐकतो, आणि पेटीवरचा दिवा विझतच नाही. आप्पांचे एक मित्र फोनवर असेच बोलतात. मध्ये भिंत असली तर प्रश्न नाही. एकाच खोलीत काम असेल तर चिकट दिव्यावर काळी टेप आडवी लावावी.

डबड्याचा डोळा नेमका कुठे आहे, हे बॅटरीचा उजेड त्याच्या काळ्या काचेवर तिरका टाकला की दिसतं. घाईने चिकटवू नका. आधी नुसता धरून, आतून कुणालातरी बटणं दाबायला सांगून, डावी-उजवीकडे सरकवत बघा. रिमोट मुळात जिवंत आहे का, हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात कळतं : बटण दाबलं की टोकाला जांभळट ठिपका पेटतो. ठिपका दिसत नाही आणि तरी चॅनेल बदलतं, तर तो रिमोट ब्लूटूथचा असू शकतो. त्याला यातलं काहीच लागत नाही. किट परत करा आणि जेवून घ्या.

नियम नववा : जागा. सेन्सर लोखंडी कपाटाच्या आरशाशेजारी लावला. कारण शास्त्रीय आहे. हे किरण आरशावरून आणि पांढऱ्या भिंतीवरून उसळतात, त्यामुळे आप्पांनी पडल्या पडल्या रिमोट छताकडे रोखला तरी काम होतं. कपाट सासूबाईंचं, हा मुद्दा त्या वेळी कुणाच्या लक्षात आला नाही.

काम झाल्यावर चाचणी घेतली. आतून आप्पांनी बातम्या लावल्या. बाहेरून, मालिकेत लग्न अक्षतांपर्यंत आलं होतं तिथून, एकच आवाज उठला. सासूबाईंचं माहेर कडेगाव तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले सगळे टीव्ही-मोबाइल बंद होतात; पोरं अभ्यासाला बसतात. सासूबाई म्हणाल्या, "मी आपली तिकडंच जाते. तिथं सगळ्यांचंच बंद. एकट्याचं चालू नाही." आप्पांनी मात्र त्या भोंग्याची तांत्रिक माहिती विचारून घेतली.

आता शेवटचा भाग : बिघाड आणि उपाय. सेन्सर काहीच करत नसेल तर पिन बसली आहे का बघा. कधी करतो, कधी नाही, तर चिकट दिवा सरकला असेल. दिवसभर ठणठणीत चालतो पण रोज साडेसात ते साडेनऊ साफ बंद असतो, अशी तक्रार आली तर तंत्रज्ञाने क्रमाने जावं. ऊन? त्या वेळी नसतं. सीएफएल? नाही, एलईडीचा बल्ब आहे. मग आरशाकडे बघावं. आरशावर ओळीने टिकल्या चिकटवलेल्या असतात, काही रोजच्या, काही सणाच्या. जाड मखमली टिकली साधारण सेन्सरच्या काचेएवढीच असते आणि तिच्यातून किरण आत जात नाही. कडेची एखादी टिकली रोज संध्याकाळी जागा बदलते असं दिसलं, तर तंत्रज्ञाने ती पाहू नये, सोडवू नये आणि वहीत तिची नोंदही करू नये. खुर्चीवरून उतरून आप्पांना सांगावं, की सेल उतरलेत, बदलून बघा.