पहिल्या पसंतीचं मत

"मामा, तुझ्या मोबाइलवर आत्ता एक ओटीपी येईल. तो सांग आणि झोप."

असं कुणी फोनवर म्हणालं तर फोन ठेवून द्यावा, असं बँक आठवड्यातून दोनदा बजावते. पण सख्ख्या भाच्यापुढे बँकेचं काय चालतं? मी सहा आकडे सांगितले आणि झोपलो. सकाळी कळलं, की कुठल्याशा ऑनलाइन खेळात मी रीतसर योद्धा झालो आहे. नाव 'वादळवारा'. माझी ७८ वर्षांची आई, म्हणजे त्याची आजी, 'वाघीण ७८'. बायकोचं नाव ठेवताना त्याने मला विचारलं नव्हतं, म्हणून ते इथे सांगत नाही. साताऱ्याचे मेहुणे, त्यांच्या दोन सुना, धाकटी मावशी धरून आमची अकरा माणसं एका रात्रीत मतदारयादीत चढली होती. खेळाडूंमधून 'अँबॅसिडर' निवडायचे होते आणि भाचा उभा होता.

"काम काय असतं?"

"नवीन आलेल्यांना वाट दाखवायची, भांडणं मिटवायची, लोकांच्या तक्रारी कंपनीला कळवायच्या."

"पैसे?"

"छे! नावापुढे सोनेरी मोर येतो."

मी सोसायटीचा सात वर्षं मानद सचिव होतो. काम अगदी हेच, फक्त मोर नव्हता. आणि त्या पदासाठी मतदान कधीच झालं नाही. आमच्याकडे सचिव व्हायला मतं लागत नाहीत, वार्षिक सभेला गैरहजर राहावं लागतं. मी त्या वर्षी लग्नाला नाशिकला गेलो होतो. म्हणून फुकटच्या कामासाठी कुणी अकरा ओटीपी गोळा करतो याचं मला कौतुक वाटलं, आणि मग माजी सचिवाची सवय जागी झाली. "पण हे योग्य आहे का रे? आजी कधी खेळणार?"

"सगळेच करतात," तो म्हणाला. "तू 'ईव्ह ऑनलाइन'चं वाच. तिथे तर यावरून वर्षानुवर्षं वाद चाललेत."

वाचलं. निवृत्त माणसाला वाचायला सांगू नये, तो खरंच वाचतो.

'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलंडच्या 'सीसीपी' कंपनीचा खेळ, २००३ साली सुरू झालेला. अंतराळ, जहाजं, खाणी, बाजार, लढाया. आणि जवळजवळ सगळे खेळाडू एकाच विश्वात. २००७ मध्ये तिथे गडबड झाली. कंपनीतल्याच एका माणसाने स्वतः ज्या गटातून खेळत होता त्या गटाला जहाजबांधणीचे दुर्मिळ नकाशे मिळवून दिल्याचं उघड झालं. म्हणजे पंचच एका संघाकडून बॅटिंगला उतरलेला. बोंबाबोंब झाली, आणि कंपनीवर लक्ष ठेवायला, तिच्या कानावर गाऱ्हाणी घालायला २००८ पासून खेळाडूंनी निवडलेलं एक मंडळ आलं. पहिल्या मंडळात नऊ जण. पगार शून्य. कंपनी आपल्या खर्चाने रेक्याविकला बोलावते, बैठका होतात, आणि गुपितं न फोडण्याच्या करारावर सही घेतली जाते. सात वर्षांत मला बैठकीला कुणी खालच्या मजल्यावरही आपल्या खर्चाने बोलावलं नाही.

हे आइसलंडात घडावं यात मला गंमत वाटली. त्या लोकांनी इसवी सन ९३० मध्ये थिंगवेलिरच्या माळावर संसद भरवली. कायदे लिहिलेले नव्हते, तेव्हा एक माणूस खडकावर उभा राहून ते तोंडपाठ म्हणायचा, दर वर्षी एकतृतीयांश. आमच्या सोसायटीतही उपविधी तोंडपाठ असलेले एक गृहस्थ आहेत. पण ते थकबाकीदार असल्यामुळे निवडणुकीला उभे राहू शकत नाहीत.

तर या खेळात खाती पाच लाखांवर गेली तेव्हा आइसलंडची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती. देशापेक्षा मतदारसंघ मोठा. पण मत द्यायला आले किती? पहिल्या निवडणुकीत शंभरातले दहा-बारा. बाकीचे आपापल्या खाणीत खणत बसले. मग आले कोण? ज्यांच्या हजारो सभासदांच्या टोळ्या होत्या, फौजा होत्या, हुकूम सुटला की तासाभरात जहाजं घेऊन हजर होण्याची ज्यांना सवय होती, ते. मत कुणाला द्यायचं ते त्यांच्या म्होरक्यांनी आधीच ठरवून दिलं. साखर कारखान्याची निवडणूक पाहिलेल्या माणसाला यात नवं काही नाही. पॅनल टू पॅनल, शिक्का चुकवू नका.

त्यात एका खात्याला एक मत. पैसे भरून तीन खाती चालवणाऱ्याला तीन मतं. यावर मी तावातावाने म्हणणार होतो की आमचा सहकार कायदा बघा, फ्लॅट कितीही असोत, सभासदाला मत एकच. पण मग आठवलं, की आमच्या इमारतीत प्रत्येकाचा दुसरा फ्लॅट बायकोच्या नावावर आहे आणि तिसरा आईच्या. 'वाघीण ७८' हा काही भाच्याने लावलेला शोध नव्हे.

सगळ्यात मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. या खेळात गंडवणं नियमांत बसतं. विश्वास संपादन करून गटाचा खजिना लंपास केला तर कंपनी हस्तक्षेप करत नाही. हेर पेरा, दगा द्या, भोळ्याला रिकामं खोकं विका. दिवसभर हे सगळं करणारे लोक निवडणूक आली की न्याय, प्रतिनिधित्व, छोट्या खेळाडूचा आवाज यावर कळकळीने वाद घालतात. मला यात ढोंग दिसलं नाही. बुद्धिबळात घोडा मारणाऱ्यालाही घड्याळ बरोबर लागतंच.

वादाचा परिणाम म्हणून २०१३ पासून तिथे पसंतीक्रमाची पद्धत आली. उमेदवारांना एक, दोन, तीन असे क्रम द्यायचे. कोट्यापेक्षा जास्त झालेली मतं पुढच्या पसंतीला जातात, तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही. विखुरलेल्या लोकांचं मत वाया जाऊ नये हा हेतू. भाच्याला वाटत होतं मला हे समजणार नाही. त्याला म्हटलं, बाबा रे, महाराष्ट्रात राहून? २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी आख्खं राज्य पहाटेपर्यंत टीव्हीपुढे बसून दुसऱ्या पसंतीची मतं मोजत होतं. तेव्हा पानाच्या टपरीवरसुद्धा लोक कोट्याचे दशांश काढत होते. आणि तिथेही शेवटी जिंकतो तो ज्याला आपल्या माणसांना क्रम नीट वाटून देता येतो तो. 'ईव्ह'मध्येही पद्धत बदलली, पण मोठ्या टोळ्यांची गणितं पक्की होती, आणि त्यांची माणसं निवडून येत राहिली.

मग कंपनीनेच चांगली माणसं नेमावीत का? तसं म्हणावं तर पुन्हा तो २००७ चा पंच डोळ्यांपुढे येतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर लग्नाला नाशिकला गेलेल्याला निवडावं. पण हे मी भाच्याला सांगितलं नाही, त्याचा निकाल रविवारी होता.

रविवारी जेवताना निकाल लागला. भाचा दोन मतांनी पडला. त्याने लगेच हिशोब मांडला. घरची अकरा मतं, त्यातली मिळाली नऊ. "क्रॉस व्होटिंग झालंय," तो म्हणाला आणि ताटावर शांतता पसरली. साताऱ्याच्या मेहुण्यांना फोन गेला. त्यांनी शपथ घेतली. बायको म्हणाली, तिने पासवर्डच हरवला होता. एक मत सापडलं. उरलं एक.

"अरे, मी दिलं ना मत," आई म्हणाली. "त्या कंदीलवाल्याला."

कंदीलवाला म्हणजे निवडून आलेला. झालं होतं असं, की मंगळवारी दुपारी झोप येईना म्हणून आईने फोनवर ते उघडलं होतं. वाघीण चार पावलं चालली आणि खड्ड्यात पडली. अर्धा तास ती तिथे गोल गोल फिरत होती. मग एक कंदीलवाला आला, त्याने खाली दोर सोडला, बाहेर काढलं, बाजाराची वाट दाखवली आणि एक टोपीही दिली.

"पण आजी, मला हाक मारायचीस!"

"मारली. तू आत घोरत होतास."

फेरमोजणीची मागणी तिथेच मागे घेण्यात आली. आईने टोपी सगळ्यांना दाखवली. निळी आहे, तिला शोभते.